पोपटरावांच्या जीपचे चार पिस्टन

जीप पोपटराव गव्हाण्यांची होती, चालवत होते येशुदास उमाप, आणि इंजिन गेलं ते न्हावऱ्याच्या अलीकडे, उसाच्या फडाला लागून. एवढ्या तीन बाबतींत केडगावात कुणाचंही दुमत नव्हतं. पुढचं सगळं वादात होतं.

त्या दिवशी गावच्या महिला बचत गटाला शिरूरच्या प्रदर्शनात पापड-कुरडयांचा स्टॉल लावायचा होता. पोपटरावांच्या पत्नी पुतळाबाई गटाच्या अध्यक्षा आणि येशुदासांच्या पत्नी दबोराबाई सचिव. त्यामुळे जीप कुणाची न्यायची आणि चालवायची कुणी, हे ठरवताना नवऱ्यांना विचारायची वेळ आली नाही. जीप जुनी, डिझेलची. चालू झाली की बांधावरचे बगळे उडत. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा फार वर्षांपासून एकाच जागी विश्रांती घेत होता आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं. पोपटराव म्हणायचे, "आतनं उघडत न्हाई तेच बरं हाय. ड्रायव्हर पळून जात न्हाई."

चौफुल्यावर चहा झाला, पारगावचा पूल ओलांडला, तोवर सगळं ठीक होतं. मागे बायकांची गाणी चालली होती. दबोराबाईंनी उपासनेतलं एक म्हणायचं, की पुतळाबाईंनी जात्यावरचं. येशुदासही स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होते. मग जीप धापा टाकू लागली. पुढून वाफ आली. 'खडाक्' झालं आणि जीप जागच्या जागी उभी राहिली.

"कुणी घाबरू नका!" येशुदास ओरडले. मग दार उघडेना, तसे ते स्वतःच घाबरून ओरडू लागले.

बायका घाबरल्या नव्हत्याच. त्यांनी डबे उतरवले, पुढचं-मागचं सामानसुमान आवरलं, शिरूरकडे निघालेला एक रिकामा टेम्पो थांबवला, आणि टेम्पोत चढता चढता गटातल्या चांगुणाला आठवलं की ड्रायव्हर अजून आतच आहे. तिनं धावत येऊन दार उघडलं, "तुम्ही हितंच थांबा दाजी," म्हणाली आणि पळत टेम्पो गाठला. जणू येशुदास दुसरीकडे कुठे जाणार होते.

संध्याकाळी बायका दुसरं बक्षीस घेऊन आल्या. येशुदास ट्रॅक्टरला दोरानं बांधलेल्या जीपमध्ये बसून आले. दोन्ही मिरवणुका गावात एकदमच शिरल्या, त्यामुळे येशुदासांना वाटेत बऱ्याच जणांनी हात जोडले.

पोपटराव दारातच उभे होते. "काय केलंत ओ, उमापसाहेब?"

हा प्रश्न येशुदासांच्या काळजाला लागला. सणसवाडीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मालाच्या तपासणीत घालवली होती. आलेला माल डोळ्यांखालून घालायचा, चांगला असेल तर पास करायचा, नसेल तर परत धाडायचा. निवृत्त झाल्यावरही ती नजर गेली नव्हती. घरात एकदा त्यांनी भाकरीची जाडी सगळीकडे सारखी नाही असं म्हटलं होतं. तेव्हा दबोराबाईंनी भाकरी शांतपणे परत टोपल्यात ठेवली आणि दुसरी वाढली नाही. तेव्हापासून तपासणी ते फक्त घराबाहेर करत.

"'काय झालं' असं विचारा," ते म्हणाले. "'काय केलंत' म्हणजे तुम्ही निकाल आधी लावलात."

"माझ्या दारातनं गेली तवा चालू हुती."

"इतकी वर्षं तुमच्या दारात होती म्हणूनच बंद पडली."

झालं. ज्या दोघांनी एका ताटात बसून हुरडा खाल्ला होता, नाताळचे करंज्या-अनारसे आणि दिवाळीचे लाडू एकमेकांच्या घरी न मोजता पोचवले होते, त्यांचं बोलणं बंद झालं. पण येशुदास जाता जाता एक वाक्य बोलून गेले आणि त्या वाक्यानं त्यांना पुढं अडकवलं. "इंजिन खोलू. चूक कुणाची ते पिस्टन सांगतील. पिस्टन खोटं बोलत नाहीत."

यवतच्या रोहिदासच्या गॅरेजात इंजिन खोललं गेलं. हेड उतरलं, चेंबर उतरलं, आणि चारही पिस्टन जुन्या पेपरावर ओळीनं मांडले गेले. रोहिदासनं त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "गेले. सगळं नवीन टाकू."

"'गेले' हा शेरा झाला," येशुदास म्हणाले. "तपासणी कुठं झाली?"

"काका, गेलेल्याची काय तपासणी करायची?"

"गेलेल्याचीच करतात," येशुदासांनी सुनावलं. पिस्टन पुसून, दबोराबाईंच्या भाजीच्या पिशवीत घालून ते घरी घेऊन आले. तिकडं पोपटरावांनी निरोप धाडला होता, की इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आत्ताच करून घेतलेत, ऑइल वेळच्या वेळी बदललंय, तेव्हा तपासणी करायचीच असेल तर ड्रायव्हरची करा.

आता पिस्टन म्हणजे दिसायला पालथा घातलेला जाड पेलाच. पण त्याचं अंग वाचता आलं तर तो पेला पुष्कळ काही सांगतो. येशुदासांनी पडवीत टेबल मांडलं, खडूनं चौघांवर नंबर घातले, बायबल वाचायचं भिंग घेतलं आणि एकेकाला उन्हात फिरवून बघू लागले. हळूहळू पडवीला दवाखान्याची कळा आली. जो येई तो एक पिस्टन उचले, नखानं खरवडे आणि निदान करी.

जेम्स मास्तर म्हणाले, "आजकालच्या डिझेलमध्ये दम नाही. आमच्या वेळचं डिझेल नुसतं हुंगलं तरी गाडी चालायची." शेजारच्या गिताबाईंनी पिस्टनला हातसुद्धा न लावता सांगितलं, "पारगावच्या पुलावर दृष्ट लागलीया. एवढ्या नटूनथटून बाया चालल्यावर लागंल न्हाई तर काय!" पॉल नावाचा एक जण मोबाइलवर कुणीतरी हिंदीत पिस्टन कापून दाखवतानाचा व्हिडिओ घेऊन आला आणि तो लावून ठेवून चहा पिऊन गेला. गावात दोन पक्ष पडले. एक नोझलवाल्यांचा, म्हणजे दोष पोपटरावांचा. दुसरा ड्रायव्हरवाल्यांचा. नोझलवाले थोडे जास्त होते, कारण चहा येशुदासांच्या पडवीत मिळत होता.

यातच एके दिवशी येशुदास दुपारची डुलकी काढून बाहेर आले, तर टेबल रिकामं. अंगणात जुन्या धोतरावर गटाचे पापड वाळत घातलेले, वारा सुटलेला, आणि धोतराच्या चारही कोपऱ्यांवर एक-एक पिस्टन.

"अगं, पुरावा आहे तो!"

"मग उडून जाणार न्हाई," दबोराबाई पापड उलटत म्हणाल्या. "मला काय दगड सापडले न्हाईत. तुम्ही त्येवढे पुसून ठिवलेत, सोच्छ दिसले, घेतले."

तीन नंबरच्या पिस्टनला त्या दिवसापासून जिऱ्याचा वास येऊ लागला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. येशुदासांना मनापासून हवं होतं, की दोष नोझलचा निघावा. नोझल ठिबकत असेल तर पिस्टनचा माथा जळतो, त्याला खड्डा पडतो. त्यांनी भिंग लावून चारही माथे पुन्हा पुन्हा पाहिले. माथे ठणठणीत. मग ऑइलवर आशा ठेवली. पण ऑइल कमी पडलं असतं तर आधी बेअरिंगं गेली असती, आणि रोहिदासनं दाखवलेली बेअरिंगं आरशासारखी होती. ओरखडे होते ते पिस्टनच्या अंगावर, समोरासमोरच्या दोन बाजूंना, उभे, आणि चौघांवर अगदी सारखे. याचा अर्थ एकच. इंजिन तापलं, पिस्टन फुगले, आणि भिंतींना घासत घासत अडकले. आणि तापलेलं इंजिन चालवत होतं कोण, तर ताल धरणारे येशुदास.

दोन दिवस त्यांनी भिंगाला हात लावला नाही. दुसऱ्याचा माल परत पाठवताना त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नव्हतं. इथं स्वतःलाच परत पाठवायची पाळी आली होती. पण तपासनीसाचा स्वभाव आडवा आला. इंजिन तापलं हे खरं, पण का तापलं? रेडिएटरला गळती नव्हती. पंखा नीट होता, पट्टा ताठ होता, पाण्याचा पंपही सुरू होता. न तापण्यासाठी जे जे लागतं ते सगळं होतं, तरी ते तापलं. "कुठंतरी काहीतरी राहतंय," ते रात्री जेवताना म्हणाले.

"भात राहिलाय," दबोराबाई म्हणाल्या.

तिकडं इंजिनाचा ब्लॉक दौंडला म्हस्कू मिस्त्रींच्या लेथवर गेला होता. नवे पिस्टन कोणत्या मापाचे घ्यायचे हे ठरवायला जुने आणून दाखवा, असा त्यांचा फोन आला. येशुदासांनी पिस्टन भाजीच्या पिशवीत भरले, वर मळकं फडकं टाकलं आणि केडगावहून गाडी धरली.

दौंड स्टेशनवर पिशवी तपासण्याची त्या दिवशी मोहीम होती. येशुदासांनी तपासणी म्हटल्यावर आदरानं पिशवी पुढं केली. हवालदारानं फडकं उचललं आणि दोन पावलं मागं सरकला.

"हे काय हाय?"

"पिस्टन."

"कशाचे?"

"जीपचे."

"जीप कुठंय?"

"केडगावात."

"आन् पिस्टन हितं?" हवालदारानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "चला आत."

आत पंचनाम्याला सुरुवात झाली. 'धातूचे, पेल्यासारखे, अंगावर ओरखडे असलेले चार नग, पैकी एकास जिऱ्याचा वास,' असं हवालदार लिहीत असताना येशुदासांनी त्यांना ओरखडे आडवे नसून उभे आहेत ही दुरुस्ती सुचवली. ते त्यांना महागात पडलं. एवढं बारीक माहीत आहे म्हटल्यावर हवालदाराचा संशय वाढला.

"मालक कोण?"

"पोपटराव गव्हाणे."

"लावा फोन त्यांना."

हाच एक फोन येशुदासांना लावायचा नव्हता. पण लावला, आणि हवालदारानं तो काढून घेऊन स्पीकरवर टाकला.

"पिस्टन तुमचे का?" हवालदारानं विचारलं.

"माझेच," पोपटरावांचा आवाज आला.

"आन् हे येशुदास उमाप तुमच्या वळखीचे का?"

पलीकडं बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. "हुते वळखीचे," पोपटराव म्हणाले. "आता न्हाईत."

येशुदासांनी खाली मान घातली. साठी उलटलेला, चर्चच्या पंचमंडळीत बसलेला, एका अख्ख्या कारखान्यानं ज्याची सही मानली असा माणूस पिशवीत पिस्टन घेऊन पोलिसांच्या बाकावर बसला होता, आणि त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. पण पोपटरावांनी फोन ठेवला नव्हता. जरा थांबून ते म्हणाले, "बसवून ठिवू नका ओ त्यांना, गुडघं धरत्यात त्यांचं. मी निघालोच."

आणि ते खरंच आले. कुणाच्या तरी मोटारसायकलवर, पायांत एक चप्पल स्वतःची आणि एक पुतळाबाईंची. येशुदासांकडे न बघता त्यांच्याच शेजारी बसले. मधल्या जागेत पिशवी.

"जीपची कागदं?" हवालदार म्हणाला.

"गडबडीत घरी ऱ्हायली."

"मग हे जीपचेच हायत हे मी कशावरनं मानू? फोटो तरी दाखवा जीपचा."

पोपटरावांनी मोबाइल काढला. त्यात बैलांचे फोटो होते, टोमॅटोचे होते, पोराच्या लग्नाचे होते, जीपचा काही सापडेना. शेवटी बचत गटाच्या ग्रुपवर त्यांनी शोधलं; पुतळाबाई तो त्यांच्याच मोबाइलवर बघायच्या. गटातली फेथ म्हणून पोरगी आहे, ती दिसेल त्याचा फोटो काढते. शिरूरला निघाल्या दिवशी चौफुल्यावर, येशुदास चहा पीत होते तेवढ्यात, तिनं सगळ्यांना जीपसमोर उभं केलं होतं.

"ही बघा." पोपटरावांनी मोबाइल पुढं केला.

हवालदारानं डोळे बारीक केले. "ह्यात जीप कुठंय ओ? नुसता बॅनर दिसतोय."

येशुदासांनी वाकून पाहिलं. मग मोबाइल हातात घेतला. मग खिशातून बायबलचं भिंग काढलं.

जीपच्या तोंडावर, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, बॉनेटपासून बंपरपर्यंत, जाडजूड फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर गटाचं नाव, पापडांचं चित्र आणि 'आपले स्वागत आहे'. वाऱ्याची झुळूक आत जायला बोटभर फट नव्हती. बॅनरची एक दोरी दबोराबाईंच्या हातात होती, दुसरी पुतळाबाईंच्या, आणि दोघी गाठ मारता मारता कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. येशुदास चहा संपवून मागच्या बाजूनं आले आणि सरळ आत चढून बसले होते. न्हावऱ्याला चांगुणानं त्यांना बाहेर काढलं तेव्हा बॅनर गुंडाळून टेम्पोत जाऊन पडला होता. आणि तो फोटो गटातल्या प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये होता. प्रत्येकीनं त्यात आपापला चेहरा पाहिला होता.

दोघं पुरुष आळीपाळीनं मोबाइल हातात घेऊन बघू लागले. "काय झालं?" हवालदारानं विचारलं. "जीप तुमचीच ना?"

"आमचीच," दोघं एकदम म्हणाले.

सुटका झाल्यावर ते स्टेशनबाहेर चहाला बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"घरी सांगायचं?" येशुदासांनी विचारलं.

"तुम्ही सांगनार?"

"मी? तुम्ही अध्यक्षांचे यजमान."

पोपटराव बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "त्या दिशी बक्षीस घिऊन आली ना, तर तिनं ते देवाम्होरं न्हाई, टीव्हीवर ठिवलं. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसावं म्हनून. आता तिला सांगितलं की जीप तुझ्या गाठीनं गेली, तर ती ते उचलून पेटीत घालंल."

येशुदासांना दबोराबाई आठवल्या. स्टेजवरून बोलायची पहिलीच वेळ, पण बोलले बाई मी, असं त्या दिवशी त्या झोपेपर्यंत सांगत होत्या. "नाही सांगायचं," ते म्हणाले. "इंजिनाचं वय झालं होतं. संपलं."

"झालंच हुतं की वय," पोपटराव म्हणाले.

पण रात्री ताटावर बसल्यावर दबोराबाई आपणहूनच म्हणाल्या, "एक इचारू? मला सारखं मनात येतंय, आम्हीच लई सामान भरलं. माझ्यामुळंच झालं आसंल का ओ?" आणि त्यांचा घास हातातच राहिला.

येशुदासांनी तो घास पाहिला. 'वय झालं होतं' हे वाक्य तिथं पुरणार नव्हतं. ज्यासाठी त्यांनी भिंग घासलं, मैत्री तोडली, पंचनामा सोसला, ते सगळं त्यांनी एका दमात सोडून दिलं. "छे! तुझ्यामुळं कशाला? चूक माझी. इंजिन तापत होतं, माझं लक्ष नव्हतं. पिस्टन तेच सांगतायत."

दबोराबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सर्रकन उतरला. त्यांनी घास तोंडात घातला, नीट चावला आणि म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासनं वाटतच हुतं."

येशुदासांनी भाकरी पाहिली. ती एका बाजूला जाड होती. त्यांनी तुकडा मोडून भाजीला लावला.

दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत भलताच घोटाळा उघडकीला आला. दबोराबाई म्हणाल्या, चूक आमच्या ह्यांची. पुतळाबाई म्हणाल्या, छे, चूक आमच्या ह्यांचीच. काल रात्री त्यांनी स्वतः कबूल केलं, नोझल ठिबकत होतं म्हणून. दोघींनी दुसरीच्या नवऱ्याची बाजू इतकी हिरिरीनं घेतली, की चांगुणाला मध्ये पडावं लागलं. शेवटी गिताबाईंनी गावाला निकाल सांगितला, की इंजिन दोघांनी मिळून मारलं. नोझलवाले जिंकले, ड्रायव्हरवालेही जिंकले. दोघं आरोपी मात्र रोज यवतला गॅरेजात शेजारी शेजारी बसून नव्या पिस्टनच्या रिंगा मोजत होते, आणि रोहिदासला वैताग आणत होते.

इंजिन बांधून झालं. पहिल्याच दमात सुरू झालं आणि पुन्हा बगळे उडाले. लगेच शिरूरला दुसरं प्रदर्शन लागलं. निघायच्या सकाळी पुतळाबाई आणि दबोराबाई नवा बॅनर घेऊन आल्या. पहिल्यापेक्षा मोठा, कारण आता त्यावर 'द्वितीय पारितोषिक विजेते' असं वाढलं होतं. दोघी दोऱ्या सोडवत जीपच्या तोंडाकडे निघाल्या.

"थांबा!" दोघं पुरुष एकदम ओरडले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"का?" दबोराबाई म्हणाल्या.

"खाली... खाली चिखल उडतो," येशुदास म्हणाले. "बक्षिसावर चिखल बरा दिसत नाही."

"वर लावू," पोपटराव म्हणाले. "टपावर. लांबनं दिसंल." ते आत पळाले आणि दोन बांबू घेऊन आले. ते तासून, भोकं पाडून तयार होते. पुतळाबाईंनी बांबूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या गटाची तुमाला लईच काळजी," त्या म्हणाल्या, आणि खूश होऊन आत बसल्या.

जीप निघाली. स्टिअरिंगवर येशुदास, शेजारी पोपटराव, मागं गट आणि टपावर फडफडणारा बॅनर. पारगावचा पूल मागं पडला. उसाचे फड सुरू झाले. गाणं थांबवून मागून दबोराबाईंचा आवाज आला, "अहो, जरा बेतानं चालवा. मागच्यासारखं करू नका."

"नाही करणार," येशुदास म्हणाले.

पोपटरावांनी तोंड खिडकीबाहेर काढलं. त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

"काय झालं ओ तुमाला?" पुतळाबाईंनी विचारलं.

"कुटं काय," पोपटराव डोळे पुसत म्हणाले. "वारा लागतोय. चांगला वारा लागतोय."